मातीतल्या हवेची साक्ष : प्रस्तावना

जमीन आपल्याला भरीव वाटते, पण ती तशी नसते. भूजलाच्या पातळीच्या वर मातीचा जो थर असतो, त्याच्या आकारमानाचा साधारण तिसरा हिस्सा, कधी त्याहून जास्त, निव्वळ पोकळी असते. कणाकणांमधल्या या पोकळीत थोडे पाणी धरून राहते आणि उरलेल्या जागेत हवा असते. ही हवा एका जागी थांबत नाही. वातावरणाचा दाब उतरला की ती वर येते, दाब चढला की बाहेरची हवा आत शिरते. पाऊस मुरला की ती बाजूला ढकलली जाते. वर घर असेल तर फरशीच्या भेगांतून, ड्रेनेजच्या पाइपाभोवतीच्या फटीतून, लिफ्टच्या खड्ड्यातून ती घरात येते. स्वच्छ जमिनीत याने फारसे काही बिघडत नाही. पण जिथे कधीकाळी पेट्रोलची टाकी गळली, धातूचे सुटे भाग धुण्याचे द्रावक सांडले किंवा रसायनांची पिंपे पुरली गेली, तिथे त्या पदार्थांची बाष्पे याच हवेत मिसळतात आणि तिच्याबरोबर प्रवास करतात.

अशा संशयित जागेवर मातीतल्या बाष्पांचा नमुना कसा घ्यावा, हा या पुस्तकाचा विषय आहे. वरवर पाहता तो फार अरुंद वाटेल. एक बोअर, एक नळी, एक रिकामे भांडे, आणि प्रयोगशाळेकडे जाणारे एक पार्सल. पण त्या पार्सलातून आलेल्या आकड्यावर ठरते, की या जागेवर शाळा उभी राहावी का, तळमजल्यावर माणसांनी झोपावे का, आधीच झोपत असतील तर त्यांना काय सांगावे. म्हणून नमुना घेणाऱ्याच्या हातातले काम हलक्या दर्जाचे तांत्रिक काम नाही, असे मी मानतो. ते का, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना थोडी लांबवली आहे.

हा विषय ज्या ठिकाणी जगाला नीट समजला, त्यांपैकी एक ठिकाण म्हणजे अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातले एंडिकॉट हे छोटे गाव. आयबीएम कंपनीचा जुना कारखाना तिथे होता. १९७९ मध्ये त्या कारखान्यात सुमारे ४,१०० गॅलन, म्हणजे साधारण साडेपंधरा हजार लिटर, मिथाइल क्लोरोफॉर्म सांडल्याची नोंद झाली. तपास सुरू झाल्यावर जमिनीखाली इतरही द्रावके सापडली. त्यांत मुख्य होते ट्रायक्लोरोइथिलीन. धातूवरचे तेल आणि ग्रीस काढण्यासाठी विसाव्या शतकात जगभर वापरले गेलेले हे द्रावक. भूजल उपसून शुद्ध करण्याचे काम सुरू झाले आणि वर्षानुवर्षे चालू राहिले. पाणी तपासले जात होते, पाण्याचे अहवाल निघत होते. पण त्या पाण्यावरच्या मातीत, आणि मातीवरच्या घरांत काय चालले आहे, याकडे लक्ष जायला दोन दशके लागली. २००२ च्या सुमारास राज्याच्या यंत्रणेने बाष्पांचा तपास मागितला. घरांच्या फरशीखालची हवा तपासली गेली, आणि पुढे चारशेहून अधिक इमारतींना पंखे व पाइप बसवून ती हवा घरात शिरण्याआधीच बाहेर काढण्याची सोय करावी लागली. राज्याच्या आरोग्य विभागाने नंतर केलेल्या पाहणीत त्या भागात हृदयाच्या जन्मजात दोषांचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त आढळले. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, हे खरे. पण तेवढ्याने तिथल्या आईबापांची काळजी कमी होत नाही, हेही खरे.

एंडिकॉटमध्ये कुणाला काही माहीत नव्हते असे म्हणता येत नाही. जमिनीतली हवा घरात येते, हे रेडॉनमुळे आधीच कळले होते. १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज प्रकल्पावर काम करणारे अभियंते स्टॅन्ली वॉट्रस कामावर आले की किरणोत्साराचा इशारा देणारी यंत्रे वाजू लागत. शोध घेतला तेव्हा प्रकल्प निर्दोष निघाला. किरणोत्सार त्यांच्या घरातून, घराखालच्या जमिनीतून येणाऱ्या रेडॉन वायूतून आला होता. फरशीखालून हवा ओढून बाहेर सोडण्याची जी युक्ती एंडिकॉटला वापरली, ती रेडॉनच्या घरांतूनच उचललेली. १९९१ मध्ये पॉल जॉन्सन आणि रॉबर्ट एटिंगर यांनी मातीतली बाष्पे इमारतीत किती प्रमाणात शिरतील याचा हिशेब मांडणारे गणिती प्रतिमान प्रसिद्ध केले. विज्ञान हाताशी होते. उणीव होती ती नमुन्यांची. जिथे कुणी नमुना घेतला नाही, तिथे धोका कागदावर अस्तित्वातच नव्हता.

आता थोडे पदार्थविज्ञान, कारण त्यावाचून पुढचे समजणार नाही. पाण्यात विरघळलेले बाष्पनशील रसायन पाण्यातच राहत नाही. पाण्याला टेकलेल्या हवेत ते ठरावीक प्रमाणात जाते. हे प्रमाण हेन्रीच्या नियमाने ठरते. ट्रायक्लोरोइथिलीनसाठी २५ अंश सेल्सिअसला ते सुमारे ०.४ आहे; म्हणजे लिटरभर पाण्यात १ मायक्रोग्रॅम असेल तर त्याला टेकलेल्या लिटरभर हवेत सुमारे ०.४ मायक्रोग्रॅम. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात या रसायनाची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. त्या मर्यादेत बसणाऱ्या भूजलाच्या लगत मातीतल्या हवेत घनमीटरला सुमारे २,००० मायक्रोग्रॅम असू शकतात. राहत्या घरातल्या हवेसाठी तिथली पर्यावरण संस्था जी तपासपातळी वापरते, ती घनमीटरला साधारण २ मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे. मधे हजारपटीचे अंतर आहे, आणि मातीचा थर, फरशी आणि घरातले वारे मिळून ते अंतर भरून काढतील या भरवशावर माणसे राहत असतात. पुष्कळदा ते भरून निघते. काही घरांत निघत नाही. कोणत्या घरांत, हे पाण्याच्या नमुन्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी मातीतली हवाच तपासावी लागते.

तापमानाचा मुद्दा इथेच नोंदवतो. पाणी जितके कोमट, तितके रसायन हवेत जास्त जाते. न्यूयॉर्कच्या थंड भूजलापेक्षा आपल्याकडचे भूजल बरेच उबदार असते. म्हणजे पाण्यातले प्रमाण सारखे असले तरी आपल्या मातीतल्या हवेत बाष्पे अधिक सापडण्याची शक्यता आहे. परदेशी तक्त्यातला आकडा जसाच्या तसा उचलणाऱ्याने हे विसरू नये.

सगळी रसायने सारखी वागत नाहीत. पेट्रोल आणि डिझेलमधले बेंझीन, टोल्युइन, झायलीन यांना मातीतले जिवाणू प्राणवायूच्या मदतीने खाऊन टाकतात. मोकळ्या, हवा खेळणाऱ्या जमिनीत काही फुटांच्या अंतरात त्यांचे प्रमाण झपाट्याने घसरते. क्लोरीनयुक्त द्रावकांना, म्हणजे ट्रायक्लोरोइथिलीन किंवा ड्राय क्लीनिंगमधल्या परक्लोरोइथिलीनला, ही सवलत मिळत नाही. ती प्राणवायू असलेल्या मातीतून लांबवर तशीच जातात. म्हणून जुन्या पेट्रोल पंपाच्या जागेवर बेंझीनबरोबर प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड आणि मिथेनही मोजायचे असतात. प्राणवायू भरपूर असेल तर जिवाणू कामावर आहेत. तो संपलेला असेल तर बेंझीनला अडवणारे कुणी नाही. मोठ्या काँक्रीटच्या फरशीखाली प्राणवायू पोचायला मार्गच नसतो, आणि तिथे मोकळ्या अंगणातला नियम लागू पडत नाही.

आता मी या पुस्तकाच्या गाभ्याकडे येतो. मोजमापातल्या चुका सहसा दोन्ही बाजूंना होतात. कधी आकडा जास्त येतो, कधी कमी. मातीतल्या बाष्पांच्या नमुन्यात मात्र बहुतेक चुका एकाच बाजूला झुकतात. त्या आकडा कमी करतात. बोअरभोवतीचे बेंटोनाइटचे, म्हणजे भिजल्यावर फुगणाऱ्या चिकणमातीचे, बूच नीट बसले नाही तर वरची स्वच्छ हवा खाली ओढली जाते आणि नमुना पातळ होतो. शहाळ्यातल्या नळीला चीर गेली की तोंडात पाण्याऐवजी हवा येते, तसेच हे आहे. फरक एवढाच, की इथे तोंडात हवा आली हे ओढणाऱ्याला कळत नाही. नळी साध्या पॉलिथिनची असेल तर बाष्पे तिच्या भिंतीत शोषली जातात. बोअर घेतल्यावर लगेच नमुना घेतला तर खोदताना विस्कटलेली माती आणि आत शिरलेली हवा अजून पूर्ववत झालेली नसते. पाऊस पडून गेल्यावर घेतला तर पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात. पंप जोरात चालवला तर दूरची, वरची हवा खेचली जाते. नमुना उन्हात राहिला, उशिरा पोचला, झडपेतून गळला, तर आणखी कमी. या प्रत्येक चुकीचा शेवट एकाच वाक्यात होतो: काही आढळले नाही.

आणि हे वाक्य सगळ्यांना हवे असते. जागेच्या मालकाला हवे असते, बांधकाम करणाऱ्याला हवे असते, परवानगी देणाऱ्या कार्यालयालाही त्याने सुटका मिळते. तिथे राहणाऱ्या माणसालाही ते ऐकायचे असते, कारण त्याने आयुष्याची कमाई त्या घरात घातलेली असते. जास्त आलेल्या आकड्यावर दहा जण शंका घेतात, फेरतपासणी मागतात. शून्य आलेल्या आकड्यावर कुणी शंका घेत नाही. चुका एका बाजूला झुकतात आणि सगळ्यांच्या इच्छाही त्याच बाजूला झुकतात. त्यामुळे चूक पकडणारे कुणी उरत नाही. नमुना घेणारा माणूस तेवढा उरतो. म्हणून त्याची जबाबदारी दुहेरी आहे. त्याने काय सापडले हे सांगायचे आहे, आणि त्याआधी हे सिद्ध करायचे आहे, की काही असते तर ते त्याला सापडलेच असते.

या पुस्तकातल्या जवळजवळ प्रत्येक रीतीमागे हे दुसरे सिद्ध करणे आहे. काही रीती इथे थोडक्यात सांगतो, म्हणजे त्यांच्याकडे नुसते नियम म्हणून पाहिले जाणार नाही.

नमुना साधारण दीड मीटर किंवा त्याहून खोलवरून घ्यावा असे सांगितले जाते, कारण त्याच्या वरच्या मातीत वातावरणाच्या दाबाच्या चढउताराने बाहेरची हवा सतत ये-जा करते. बोअरच्या तळाशी छोटी जाळीदार नळी, तिच्याभोवती फूटभर वाळू, वाळूवर कोरड्या बेंटोनाइटचे दाणे आणि त्यावर भिजवलेले बेंटोनाइट, अशी रचना असते. कोरडा थर मधे ठेवण्याचे कारण साधे आहे: भिजवलेल्या बेंटोनाइटमधले पाणी वाळूत उतरले तर नमुन्याची जागाच ओली होते. ही रचना झाल्यावर थांबायचे. सळई थेट ठोकून बसवलेल्या नळीसाठी किमान दोन तास, आणि माती काढून घेतलेल्या बोअरसाठी दोन दिवस अशी मुदत कॅलिफोर्नियाच्या मार्गदर्शकात दिलेली आहे. कामाच्या घाईत सर्वांत आधी हीच मुदत कापली जाते.

मग जोडण्यांची परीक्षा. सगळ्या झडपा बंद करून नळीत निर्वात दाब निर्माण करायचा आणि तो मिनिटभर टिकतो का हे पाहायचे. टिकला नाही तर जमिनीच्या वरच कुठेतरी गळती आहे. त्यानंतर जमिनीतल्या बुचाची परीक्षा. बोअरच्या तोंडावर एक टोप घालून त्याखाली हेलियम सोडायचा आणि नळीतून येणाऱ्या हवेत तो किती येतो हे मोजायचे. टोपाखालच्या हेलियमच्या तुलनेत नमुन्यात तो ठरावीक टक्केवारीपेक्षा जास्त आला, कुठे ५ टक्के धरतात, कुठे १०, तर बूच पुन्हा बसवायचे. या पुस्तकातल्या सगळ्या कृतींत माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची. शून्याला अर्थ येतो तो या परीक्षेमुळे. हेलियमची नोंद नसलेला शून्य आणि हेलियमच्या परीक्षेत उतरलेला शून्य हे अहवालात सारखेच दिसतात, पण पहिला पुरावा नाही.

नळीत आधीपासून असलेली हवा काढून टाकायची, पण मोजून. साधारण नळी आणि वाळूच्या पोकळीच्या तिप्पट. प्रत्यक्ष नमुना मिनिटाला २०० मिलीलिटरपेक्षा कमी वेगाने घ्यायचा. भांडे म्हणजे आतून विद्युत प्रक्रियेने गुळगुळीत केलेले स्टेनलेस स्टीलचे कॅनिस्टर, प्रयोगशाळेत पूर्ण निर्वात करून पाठवलेले. ते पूर्ण भरायचे नाही. शेवटी थोडा निर्वात दाब शिल्लक ठेवायचा आणि तो आकडा लिहून ठेवायचा. प्रयोगशाळेत पोचल्यावर तोच दाब दिसला तर वाटेत गळती झालेली नाही. कॅनिस्टर बर्फात ठेवायचे नाही, कारण आत पाणी जमून बाष्पे त्यात विरघळतात. दुसरी रीत शोषक पदार्थ भरलेल्या नळ्यांची; तिचे फायदे-तोटे स्वतंत्र प्रकरणात आहेत. मातीत काही दिवस पुरून ठेवायचे निष्क्रिय शोषकही असतात. जागा मोठी असेल आणि दूषित भाग नेमका कुठे आहे हेच माहीत नसेल, तेव्हा ते उपयोगी पडतात.

आकडा वाढवणाऱ्याही काही चुका आहेत, आणि त्या टाळणे सोपे आहे. कामावर येताना वाटेत गाडीत पेट्रोल भरू नये. जनरेटर वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवावा. लेबल लिहायला उग्र वासाचे मार्कर वापरू नयेत. सिगारेट, अत्तर, नेलपॉलिश दूर ठेवावे. अशा चुका उघडकीस येतात, कारण आकडा जास्त आला की लोक कारण शोधू लागतात. म्हणून त्यांची मला तितकीशी भीती वाटत नाही.

नमुना कुठे आणि कसा घेतला याइतकेच केव्हा घेतला यालाही महत्त्व आहे. इंग्लंडमध्ये डर्बीशायर परगण्यातल्या लॉस्को या गावी २४ मार्च १९८६ च्या पहाटे एक बंगला स्फोटाने उद्ध्वस्त झाला आणि आतली तीन माणसे जबर जखमी झाली. जवळच्या कचराभूमीतला मिथेन खडकाच्या भेगांतून घराखाली आला होता. त्या रात्री वादळामुळे वातावरणाचा दाब सात तासांत २९ मिलिबारने उतरला होता. जमिनीने हवा बाहेर सोडली, आणि तिच्यासोबत मिथेनही. आदल्या दिवशी, दाब चढा असताना तिथे कुणी मापन केले असते तर कदाचित फार काही दिसले नसते. मिथेनचे स्फोटक प्रमाण आणि ट्रायक्लोरोइथिलीनचे सूक्ष्म प्रमाण यांत फरक खूप आहे, पण दोन्हींना वर आणणारा दाब एकच आहे. म्हणून नमुन्याच्या नोंदीत दिवस आणि वेळेबरोबर वातावरणाचा दाब, तो चढतोय की उतरतोय, शेवटचा पाऊस कधी झाला, हे लिहिलेच पाहिजे. आणि एका दिवसाच्या नमुन्यावर जागेला निर्दोष ठरवू नये. वेगवेगळ्या ऋतूंत पुन्हा घ्यावा.

ऋतूंचा विषय निघाला की आपल्या मातीकडे वळावे लागते. या कामाची बहुतेक मार्गदर्शके अमेरिका आणि युरोपातल्या वालुकामय किंवा गाळाच्या जमिनी डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली आहेत. दख्खनच्या पठारावर चित्र वेगळे असते. काळी माती पावसाळ्यात फुगून जवळजवळ बंद होते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. तीच जागा, तेच दूषण. पण ऑगस्टमधला नमुना आणि मेमधला नमुना यांत काही साम्य राहणार नाही. मातीखाली मुरूम, मुरमाखाली भेगाळलेला बेसॉल्ट. अनेक ठिकाणी दीड मीटरच्या आत कातळ लागतो, आणि मग पुस्तकातली ठरावीक खोली गाठताच येत नाही. कातळातल्या भेगा बाष्पांना वाळूपेक्षाही दूर नेऊ शकतात, पण बोअर भेगेवर पडला नाही तर हाती काही लागत नाही. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट घडते. मोकळी जमीन ओली होऊन मिटते, इमारतीखालची मात्र कोरडी राहते, आणि बाष्पे बाजूने सरकून त्या कोरड्या मातीकडे जातात. अशा वेळी अंगणातला नमुना स्वच्छ येतो आणि फरशीखाली प्रमाण वाढलेले असते. म्हणून आपल्याकडे फरशीला छोटे छिद्र पाडून तिच्या लगत खालून घेतलेल्या नमुन्याला जास्त महत्त्व द्यावे, असे माझे मत आहे, आणि त्याची कृती या पुस्तकात तपशिलाने दिली आहे.

फरशीखालच्या आकड्यावरून घरातला अंदाज बांधण्यासाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१५ च्या मार्गदर्शकात ०.०३ हा सावध गुणक सुचवला आहे: फरशीखाली जेवढे, त्याच्या ३ टक्के घरात येईल असे धरून चालावे. तो तिथल्या घरांच्या अभ्यासातून आला आहे. थंडीत दारे-खिडक्या बंद करून तापवलेली ती घरे खालची हवा ओढून घेतात. आपल्या चाळीत किंवा वाड्यात खिडक्या उघड्या असतात आणि वारे खेळते. पण वातानुकूलित कार्यालय, तळघरातली पार्किंग, एक्झॉस्ट पंख्याने हवा बाहेर फेकणारे स्वयंपाकघर, लिफ्टचा खड्डा, या ठिकाणी आपल्याकडेही जमिनीतली हवा ओढली जातेच. गुणक वापरताना इमारत डोळ्यांनी पाहावी लागते; तक्ता पुरत नाही.

आज हे पुस्तक मराठीत असण्याची निकड का वाटते, तेही सांगायला हवे. जुन्या कारखान्यांच्या जागा राहत्या वापराखाली येत आहेत. मुंबईत, ठाण्यात, पिंपरी-चिंचवडमध्ये औद्योगिक जागेचे निवासी जागेत रूपांतर हा आता रोजचा व्यवहार आहे. जुने पेट्रोल पंप हटतात आणि तिथे इमले उभे राहतात. यातल्या प्रत्येक जागेत दूषण आहे असे मी म्हणत नाही. तपासल्याशिवाय तसे म्हणणे चुकीचे होईल. पण तपासल्याशिवाय नाही म्हणणेही तितकेच चुकीचे आहे. भोपाळच्या युनियन कार्बाइडच्या आवारातली माती आणि आसपासचे भूजल यांचा अभ्यास नागपूरच्या नीरी आणि हैदराबादच्या एनजीआरआय या संस्थांनी केला, आणि २०१० च्या अहवालात सुमारे ११ लाख टन माती दूषित असल्याचा अंदाज दिला. तिथल्या भूजलात क्लोरोफॉर्म, कार्बन टेट्राक्लोराइड यांसारखी बाष्पनशील रसायने सापडली आहेत. १९८४ च्या त्या रात्रीच्या वायूची आठवण साऱ्या देशाला आहे; जमिनीत राहिलेल्या रसायनांचा हिशेब मात्र अजून संपलेला नाही.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनासाठी पर्यावरण संरक्षण कायद्याखाली स्वतंत्र नियम अधिसूचित केले. संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने द्यावी, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने ठरावीक मुदतीत तपास करावा, दूषण करणाऱ्याकडून सफाईचा खर्च घ्यावा, अशी चौकट त्यात आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण नियमातल्या ‘तपास’ या शब्दाचा अर्थ शेवटी जमिनीवर उभ्या असलेल्या तरुणाच्या हातात असतो. तो तालुक्याच्या गावातून आलेला असेल, डिप्लोमा झालेला असेल, कंत्राटी असेल. त्याला इंग्रजी मार्गदर्शकातली कृती पाठ असेल, पण त्यामागचे कारण कुणी समजावले नसेल, तर ऊन चढल्यावर तो पहिल्यांदा हेलियमचा टोप गाळेल. कारण समजलेला माणूस तो गाळणार नाही. पुस्तक मराठीत लिहिण्याचे माझे मुख्य कारण हेच.

आकड्याच्या पुढच्या प्रवासाबद्दलही दोन शब्द. प्रयोगशाळा ‘आढळले नाही’ असे लिहिते तेव्हा त्यासोबत एक मर्यादा असते: या प्रमाणाखालचे आमच्या यंत्राला दिसत नाही. ती मर्यादा तपासपातळीच्या वर असेल तर त्या निकालातून काहीच निष्पन्न होत नाही, आणि अहवालात तसे स्पष्ट लिहिले पाहिजे. रहिवाशांना सांगताना आकडा, त्याची मर्यादा, नमुन्याचा दिवस आणि फेरतपासणी कधी होणार हे चारही सांगावे. लोकांना घाबरवू नये, हे खरे. पण त्यासाठी माहिती दडवण्याची गरज नसते. फरशीखालून हवा ओढून बाहेर सोडण्याची व्यवस्था कामाची आहे, अनेक देशांत वर्षानुवर्षे चालू आहे. ज्याला उपाय माहीत असतो त्याला धोका ऐकण्याचे बळ येते. दोन्ही एकत्र सांगावेत.

पुस्तकाची मांडणी कामाच्या क्रमाने आहे. पहिल्या भागात जागेचा इतिहास कसा काढावा हे आहे: जुने नकाशे, परवाने, निवृत्त कामगारांशी बोलणे. कुठे बोअर घ्यायचा हे यंत्रापेक्षा या माणसांना जास्त ठाऊक असते, आणि त्यांच्याशी घाईने बोलू नये. दुसऱ्या भागात बोअर, नळी, बूच आणि त्यांच्या परीक्षा. तिसऱ्यात नमुना, त्याची वाहतूक, आणि तो कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेला याची अखंड नोंद. चौथ्यात निकाल वाचणे. शेवटी कोऱ्या नोंदपत्रकांचे नमुने आहेत. ती कापून, छापून वापरावीत. त्यांत हेलियमच्या परीक्षेचा आणि शेवटच्या पावसाचा रकाना मुद्दाम ठळक ठेवला आहे. तांत्रिक शब्दांसाठी कामावर जे बोलले जातात तेच वापरले आहेत. कॅनिस्टरला कॅनिस्टरच म्हटले आहे.

वाचकांत तीन प्रकारची माणसे मला अपेक्षित आहेत. प्रत्यक्ष नमुना घेणारी, त्यांचे अहवाल तपासणारी, आणि अशा जागेवर किंवा तिच्या शेजारी राहणारी. तिसऱ्या गटाने दुसरा भाग वाचलाच पाहिजे असा माझा आग्रह आहे. रहिवाशाला बूच कसे बसवतात हे कळायला हवे, म्हणजे अहवाल हातात आल्यावर तो विचारू शकेल: गळतीची परीक्षा केली होती का? कोणत्या महिन्यात नमुना घेतला? फरशीखालून घेतला की अंगणातून? एवढे तीन प्रश्न एखाद्या सोसायटीच्या सभेत विचारले गेले आणि त्यांची उत्तरे लेखी मागितली गेली, तर पुढच्या वेळी नमुना घेणारा ती उत्तरे तयार ठेवूनच येईल. नियम कडक होण्याची वाट पाहण्यापेक्षा हा मार्ग जवळचा आहे, आणि तो आजपासून कुणालाही मोकळा आहे.